गोड रक्ताचा स्टेर्गिओस

पैज लागली ती एका डासावरून. चौकातल्या चिनाराखाली आम्ही नेहमीची मंडळी बसलो होतो, समोर त्सिपुरो या कडक दारूचे छोटे ग्लास आणि तळलेल्या मिरच्या, आणि माझा शेजारी स्टेर्गिओस दंडावर बसलेला डास सगळ्यांना दाखवत होता. मारत नव्हता, नुसता दाखवत होता. डास पिऊन पिऊन लाल मण्यासारखा फुगला, त्याला धड उडता येईना, तरी हा पठ्ठ्या हात हलवायला तयार नाही. म्हणाला, बघा लेको, एवढी माणसं बसलीत आणि हा आला कुणाकडे.

आमच्याकडे ज्याला डास जास्त चावतात त्याचं रक्त गोड म्हणतात, आणि गोड रक्ताचा माणूस म्हणजे बघताक्षणी आवडणारा. बायकांना तर जास्तच. स्टेर्गिओस दिसायला भाताच्या पोत्यासारखा, डोक्यावर केस नाहीत आणि कानात भरपूर. पण बायको दोम्ना. दोम्नाबद्दल मी फार बोलत नाही, मलाही घर आहे. ती माझ्या दुकानात पावशेर कलेजी मागायची आणि मी अर्धा किलो बांधायचो, एवढ्यावर समजून घ्या. ही बाई या पोत्याकडे आली कशी आणि टिकली कशी, हा अख्ख्या गावाचा प्रश्न होता. स्टेर्गिओसकडे उत्तर तयार असायचं. रक्त, म्हणायचा, ते वरून दिसत नाही, पण दोम्नाला कळलं आणि डासांना कळतं.

त्या एका गोष्टीवर तो माणूस उभा होता. पोरबाळ नाही, शेताला कायम पाण्याचा शेवटचा नंबर, सख्ख्या भावांशी बोलणं बंद. पण संध्याकाळी चौकात यायचा, डासांना पाजायचा आणि छाती काढून घरी जायचा.

मला ते बघवत नव्हतं. मी खाटीक आहे. फुगलेलं काही दिसलं की सुरी टोचावीशी वाटते.

मी म्हटलं, स्टेर्गिओस, डासाला कसली रे चव, तो गाढवालाही चावतो. तुझ्याआधी तो लाझारोसला चावेल.

सगळे हसले, कारण लाझारोस म्हणजे भात कापायचं मशीन चालवणारा आमचा वाळका बांबू. उंच, लग्न न केलेला, दिवसाला चार शब्द बोलणारा. त्याच्या अंगावरून जळूसुद्धा उपाशी उतरेल असं आम्ही म्हणायचो. तो पलीकडच्या टेबलावर एकटाच फासे खुळखुळवत बसला होता. स्टेर्गिओसचा तो कुम्बारोस, म्हणजे लग्नात नवरा-नवरीच्या डोक्यावरचे मुकुट अदलाबदल करणारा. आमच्यात हे नातं भावापेक्षा जवळचं, आणि स्टेर्गिओसचं भावांशी पटत नसल्यामुळे तर फारच जवळचं.

मला कशाला ओढता मध्ये, असं लाझारोस पुटपुटला. त्याचे दिवसाचे चार शब्द तिथेच संपले. पण स्टेर्गिओस पेटला होता. त्यानं टेबलावर मूठ आपटली आणि पैज तिथल्या तिथे ठरली. एकाच पेटीत दोघांचे हात घालायचे. डास जास्त कुणाकडे जातात ते सगळ्यांसमोर बघायचं. स्टेर्गिओसकडे गेले तर मी हरलो, लाझारोसकडे गेले तर स्टेर्गिओस. आणि हरणाऱ्यानं नुसत्या चड्डीवर चौकात खुर्ची टाकून बसायचं, सूर्य बुडायच्या वेळेला, हात गुडघ्यांवर. जिंकणारा समोर बसून एक सिगारेट ओढणार. ती संपेपर्यंत हलायचं नाही, मारायचं नाही, खाजवायचं नाही.

ऑगस्टात, म्हणजे आमच्या ऐन उन्हाळ्यात, भाताच्या खाचरांना लागून असलेल्या गावात, सूर्य बुडताना. तुम्ही आमचे डास बघितले नसतील तर तुम्हाला ही गंमत वाटेल.

आता पेटी आणि डास आणायचे कुठून, तर ती सोय गावातच होती. आमची शाळा पोरं नाहीत म्हणून बंद पडली आणि तिथे सालोनिका शहरातून एक डॉक्टरीणबाई येऊन राहिली, उरानिया नावाची. माणसांची डॉक्टर नव्हे, डासांची. ज्या वर्गात मला कान पिळून पाढे शिकवले त्याच वर्गात आता जाळीचे पिंजरे होते आणि त्यात हजारो डास. त्यांना लागायचं डुकराचं रक्त, ते जायचं माझ्या दुकानातून. ती ते कोमट करून पातळ पापुद्र्याखाली ठेवायची आणि डास वरून सोंड खुपसायचे. ती अधूनमधून शहरात जायची, म्हणून शाळेची एक किल्ली माझ्याकडे असायची.

रक्त ओतता ओतता मी तिला विचारत राहायचो आणि ती सांगत राहायची, कारण गावात तिच्याशी दुसरं कुणी बोलतच नव्हतं. रक्त फक्त माद्या पितात, नर बिचारे फुलांवर जगतात. मादीचं पोट भरलं की तिच्या डोक्यात 'बास झालं' सांगणारं एक रसायन सुटतं. मग अंडी घालून होईपर्यंत तुम्ही तिच्यासमोर उघडे नाचलात तरी ती ढुंकून बघत नाही. अंडी झाली की पुन्हा वखवख. एवढंसं डोकं, मिठाच्या कणात मावेल असं, पण आत सगळा कारभार आहे.

पण तिचं खरं काम दुसऱ्याच रसायनावर होतं. डोपामिन. डास एखाद्यावर बसला आणि त्याच वेळी चापट बसली, जीव थोडक्यात वाचला, की हे डोपामिन त्या माणसाचा वास त्याच्या डोक्यात ठोकून बसवतं. दुसऱ्या दिवशी तो वास आला की डास लांबूनच वळतो. हे बघायला तिनं एक यंत्र केलं होतं. एका नळीत कुणाचा तरी घातलेला मोजा, त्यावरून पंख्याची हवा पिंजऱ्यात, आणि पिंजरा थरथरणाऱ्या पाटावर. डासाला वाटतं, या वासाचा माणूस मला मारतोय. थोडा वेळ असं हलवलं की डास शिकलेले. शेजारच्या पिंजऱ्यातल्या डासांना मात्र साखरेच्या पाण्यातून असं औषध दिलेलं की त्यांचं डोपामिन गप्प. त्यांना किती का हलवा, दुसऱ्या दिवशी पुन्हा त्याच माणसाकडे हसत जाणार. मी म्हटलं, बाई, असली माणसंही आहेत आमच्या गावात. तिला वाटलं मी माझ्याबद्दलच बोलतोय.

पैजेचं ऐकून आधी ती नाही म्हणाली. मग मी तिला सांगितलं की गावातलं कुणी तिला मोजे देत नाही, हात देत नाही, सगळ्यांना वाटतं ती रोग पसरवते. एकदा चौकात येऊन दाखवा, मग रांग लागते का नाही बघा. ती तयार झाली. उपाशी माद्यांचा एक पिंजरा तिनं बाजूला काढला, ज्यांना कुणी काही शिकवलेलं नव्हतं. वर लाल फीत बांधली. हा शनिवारचा, म्हणाली.

आणि शुक्रवारी दुपारी ती शहरात गेली.

माझ्या डोक्यातला बेत साधा होता. स्टेर्गिओसचा मोजा मिळवायचा, लाल फितीच्या डासांना त्या वासावर हलवून काढायचं. मग शनिवारी पेटीत हात घातला की गोड रक्ताच्या माणसाकडून डास असे पळतील जसा कर्जदार सावकारापासून पळतो. लाझारोसच्या हाडांवर काय बसतील ते बसू देत. चौकात सगळ्यांसमोर त्याची ती एकुलती एक शेखी फुटली पाहिजे, एवढंच मला हवं होतं. दुष्टपणा म्हणा. मी नाही कुठे म्हणतो.

दुपारी जेवण झालं की आमचं गाव मेल्यासारखं झोपतं. मी मागच्या गल्लीतून स्टेर्गिओसच्या परसात गेलो. मागच्या दाराशी बूट उभे होते. भाताच्या चिखलात घालायचे मांडीपर्यंतचे हिरवे रबरी बूट. सगळे सोसायटीच्या दुकानातून घेतलेले, सगळ्या गावाचे सारखेच. ते घालून आमच्यात कुणी घरात पाऊल टाकत नाही, टाकलं तर बायको त्याच बुटानं मारेल. त्यामुळे दाराशी बूट असले की माणूस घरात आणि नसले की शेतात, हे शेंबड्या पोरालाही कळतं. आत मोजे कोंबलेले होते, ओले आणि चांगले आंबलेले. मी एक उचलला. आतून पंख्याचा आवाज येत होता. म्हटलं झोप बाबा, झोप, उद्या तुझी झोप उडणार आहे.

शाळेत जाऊन मी सगळं बाईसारखंच केलं. मोजा नळीत, पंखा चालू, पाट चालू. डास नुसते आपटत होते. मला हसू आवरेना. मग मोजा चुलीत टाकला.

त्या संध्याकाळी लाझारोस चौकात उघड्या पायांत चप्पल घालून आला आणि मान खाली घालून बसला. एरवी फासे खुळखुळवायचा, त्या दिवशी तेही नाही. मी त्याला म्हटलं, काय रे, उद्याची भीती वाटते का. तो म्हणाला, झाफिरिस, मला यातून सोड. मी म्हटलं, आता कसला सोडतो.

शनिवारी अख्खं गाव जमलं. चर्चच्या पायऱ्यांवर बायका, त्यांच्यात दोम्नाही, सूर्यफुलाच्या बिया सोलत. उरानियाबाईनं लांबट काचेची पेटी टेबलावर ठेवली, दोन्ही टोकांना कापडी बाह्या. स्टेर्गिओसनं शर्टाची बाही खांद्यापर्यंत चढवली, चौकाकडे बघून दंड फुगवला आणि हात घातला. लाझारोसला मात्र दोघांनी धरून आणावं लागलं. मी त्याच्या पाठीवर थाप मारून म्हटलं, घाबरू नकोस, तुला काही होत नाही.

लाल फितीचा पिंजरा पेटीला जोडला आणि बाईनं झडप उघडली.

डासांचा ढग मध्यावर आला. थोडं घुटमळला. आणि मग सगळाच्या सगळा स्टेर्गिओसच्या हातावर जाऊन बसला. मनगट, कोपर, बोटांच्या बेचक्या, कुठे जागा राहिली नाही. काळा पडला त्याचा हात. आणि लाझारोसचा हात दुसऱ्या टोकाला पांढराफटक. एक डास चुकून तिकडे गेला आणि चटका बसल्यासारखा मागे फिरला. मग दुसरा, तोही फिरला.

टाळ्या, शिट्ट्या. स्टेर्गिओस काचेत बघत होता आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलेलं मी बघितलं, खाजेचं नव्हे. तो पायऱ्यांकडे वळून ओरडला, "दोम्ना, बघितलंस ना?" ती बिया सोलायची थांबली होती.

मी हरलो होतो आणि का हरलो ते मला कळत नव्हतं. पण डॉक्टरीणबाई टाळ्या वाजवत नव्हती. ती लाझारोसच्या टोकाकडे वाकून बघत होती. मग ताठ उभी राहिली.

"ह्यांना कुणीतरी शिकवलंय," ती म्हणाली. "न शिकवलेला डास आवडता-नावडता बघतो, पण असा घाबरून मागे फिरत नाही. माझ्या यंत्राला कुणी हात लावला?"

किल्ली कुणाकडे असते ते गावाला माहीत होतं. सगळे माझ्याकडे बघायला लागले. तसाही मी हरलोच होतो, मग लपवून काय मिळणार. मी सांगून टाकलं. काल दुपारी स्टेर्गिओसच्या मागच्या दाराशी गेलो, त्याच्या बुटातला मोजा काढला, त्यावर डासांना हलवलं, म्हणजे त्यांनी त्याच्यापासून पळावं. आता ते उलटे का वागले ते त्यांनाच विचारा.

स्टेर्गिओस हसायला लागला. पोट धरून, वाकून, एक हात अजून पेटीत.

"अरे गाढवा झाफिरिस," तो म्हणाला, "काल दुपारी मी घरी होतोच कुठे? काल पाण्याची पाळी माझी. सकाळी डबा घेऊन गेलो तो अंधार पडेपर्यंत पाटाच्या दारावर उभा होतो, बूट माझ्या पायांत. विचार प्रोद्रोमोसला."

प्रोद्रोमोस आमचा पाटकरी, पाण्याच्या पाळ्या तोच लावतो. सवयीनं त्याच्या तोंडून निघून गेलं की हो, हा दिवसभर तिथेच होता, बूट घालून. बोलला आणि जीभ चावली.

"मग?" स्टेर्गिओसला हसू आवरत नव्हतं. "कुणाचा मोजा चोरलास लेका?"

चौकात हसणारा तो एकटाच उरला होता. बाकीच्यांच्या माना एकेक करत पेटीच्या दुसऱ्या टोकाकडे वळल्या, जिथे लाझारोसचा हात होता. एकही फोड नाही, स्वच्छ, धुतल्यासारखा. तो हात बाहेर काढायला बघत होता आणि बाहीचं इलॅस्टिक त्याच्या अंगठ्यात अडकलं होतं.

गावातल्या कुणीही तोंड उघडलं नसतं. आम्ही सगळं झाकलं असतं, घरी जाऊन दारं लावून मग हसलो असतो. पण डॉक्टरीणबाई सालोनिकाची, तिला काय माहीत कुणाचं परस कुठे. तिला फक्त तिचा प्रयोग दिसत होता.

"मोजा ह्यांचा होता," तिनं लाझारोसकडे बोट केलं. "शंकाच नाही. यात डास चुकत नाहीत."

मला खोटं बोलायचं नाही. आधी भीती वाटली आणि तिच्या मागोमाग गुदगुल्या झाल्या. एवढी मोठी खोडी मी जन्मात केली नव्हती आणि ही तर न ठरवता झाली होती. मी ओठ दाबून उभा राहिलो. शेजारी पावाच्या दुकानवाल्याचे खांदे हलत होते.

स्टेर्गिओसचं हसू थांबलं नाही, ते चेहऱ्यावर तसंच राहून गेलं. त्यानं लाझारोसकडे बघितलं. मग त्याच्या उघड्या पायांतल्या चपलांकडे. भात कापणारा माणूस उन्हाळ्यात बूट सोडून चप्पल कधी घालतो, तर मोजा हरवल्यावर. लाझारोस म्हणाला, "कुम्बारे," आणि बाहीशी झटापट करत राहिला. अखेर हात निघाला. लोकांनी त्याला वाट दिली, लागते त्याच्या दुप्पट रुंद, आणि तो गेला.

पायऱ्यांवर दोम्ना उठली. मांडीवरच्या टरफलांचा ढीग झटकला. तिच्या आजूबाजूच्या बायका जरा सरकल्या, कपडे आवरून, जसं काही सांडलं होतं. ती घराकडे चालत गेली. घाईनंही नाही आणि रमतगमतही नाही. मी एवढं निरखून बघत होतो, पण तिच्या चेहऱ्यावरून मला काही कळलं नाही.

बाईला काहीतरी चुकल्याचं आता जाणवलं असावं. स्टेर्गिओसचा सुजलेला हात हलकेच बाहेर काढत ती त्याला म्हणाली की बरं वाटावं म्हणून सांगते, रक्ताचा गोडपणा वगैरे काही नसतं. "तुम्ही त्यांना कधी मारत नाही, म्हणून ते तुमच्याकडे येतात. एवढंच."

तिनं बरं वाटावं म्हणून सांगितलं. मी खाटीक असून इतकी धारदार सुरी माझ्याकडे नाही.

काही जण हळूच खुर्च्या सरकवायला लागले. प्रोद्रोमोस म्हणाला, झालं ते झालं, पैज राहू दे, घरी जा बाबा स्टेर्गिओस.

"कोण हरलं?" स्टेर्गिओसनं विचारलं.

मी म्हटलं, "मी."

"मग कपडे काढ."

काढले. नाही म्हणायची सोय नव्हती, सगळ्यांसमोर हात मिळवलेला. चौकाच्या मधोमध खुर्ची ठेवली, मी चड्डीवर बसलो, पोट मांडीवर, हात गुडघ्यांवर. कुणीतरी हसलं, पण ते हसू रांगेत पुढे सरकलं नाही. स्टेर्गिओसनं समोर खुर्ची ओढली, स्वतःच्या घराकडे पाठ करून. सिगारेट पेटवली.

खाचरांवर ऊन लाल झालं आणि ते आले. आधी पोटऱ्या, मग खांदे, मग कानामागे. प्रत्येकाची सुई वेगळी कळते. मी दात आवळून सिगारेटच्या टोकाकडे बघत होतो. तो ओढतच नव्हता. बोटांत धरून बसला होता आणि राख आपोआप लांबत होती.

"ओढ की लेका," मी म्हटलं.

त्यानं एक झुरका घेतला. त्याच्याही हातावर, मानेवर, टकलावर ते बसत होते, आणि तो मारत नव्हता. त्याच्या खांद्यावरून मला त्याचं घर दिसत होतं. आतल्या खोलीत दिवा लागला. मग कपाटाचं दार उघडल्याचा आणि सुटकेस खाली ओढल्याचा आवाज आला, उन्हाळ्यात सगळ्यांच्या खिडक्या उघड्या असतात. चौकात तो सगळ्यांना ऐकू गेला. त्यालाही गेला असणार.

सिगारेट बोटांपर्यंत आली. मी उठायच्या बेतात होतो. त्यानं खिशातून दुसरी काढली आणि पहिलीच्या निखाऱ्यावर पेटवली.

पैज एका सिगारेटची होती. मी आजूबाजूला बघितलं. पावाचा दुकानवाला ग्लासात बघत होता. प्रोद्रोमोस झाडाकडे. अख्ख्या गावात एकानंही म्हटलं नाही की झाली तुझी एक, आता ऊठ आणि घरी जा.

"चावतात का?" स्टेर्गिओसनं विचारलं.

"चावतात."

त्यानं मान हलवली. तोंडानं धूर सोडला, माझ्याकडे नाही, बाजूला, म्हणजे धुरानं डास पळू नयेत. दुसरी संपली तेव्हा त्यानं पाकीट चाचपलं. ते रिकामं होतं. तो त्या रिकाम्या पाकिटाकडे बघत बसला. प्रोद्रोमोस उठला, खुर्च्यांमधून वाट काढत आला, आणि स्वतःचं भरलेलं पाकीट त्याच्या पुढ्यात ठेवून पुन्हा जागेवर जाऊन बसला.